सातव्या ओळीतल्या दोन खुणा

सोमवारी सकाळी साडेनऊला विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत आठ जण जमले. आठही जण शिकवणारे, आणि पुढच्या सोमवारपासून आठही जण आपापल्या अभ्यासक्रमाचे संचालक होणार होते. त्याआधी पाच दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. शेवटच्या दिवशी जुना आणि नवा संचालक समोरासमोर बसून कार्यभाराच्या फॉर्मवर सह्या करतात, मग चहा होतो आणि विषय संपतो. इतकी वर्षं असंच चालत आलं होतं.

या आठांत श्रवणतपासणीच्या अभ्यासक्रमाची एक बाई होती, त्रेचाळीस वर्षांची. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम पुरा करून मुलंमुली दवाखान्यांमध्ये लोकांचे कान तपासायला जातात: म्हाताऱ्यांचे, कारखान्यातल्या कामगारांचे, तान्ह्या बाळांचे. ती तिथे चौदा वर्षं शिकवत होती. पद मागायला ती गेली नव्हती. तिचे गुरू, ज्यांना सगळा विभाग मोठे सर म्हणतो, ते त्याच शुक्रवारी निवृत्त होणार होते आणि त्यांनीच तिचं नाव पुढे केलं होतं. तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. आताही ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती आणि पेनाचं टोपण काढत-घालत होती. टक, टक. शेजारी बसलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकानं शेवटी ते पेन तिच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि आपलं बिनटोपणाचं दिलं.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई परीक्षा विभागातून निवृत्त झालेल्या. विद्यापीठात त्यांचं नाव टाचणीबाई, कारण त्यांच्याकडून परत आलेल्या प्रत्येक कागदाला चूक दाखवणारी एक चिठ्ठी टाचलेली असे. सगळ्यांना वाटलं होतं, आता पडद्यावर चित्रं दिसतील आणि नेतृत्वगुणांवर दोन तास जातील. टाचणीबाईंनी पडदा गुंडाळून वर सारला आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्याच अभ्यासक्रमाचा एक तक्ता ठेवला.

तक्ता ओळखीचा होता. डावीकडे एकाखाली एक निष्पत्ती, म्हणजे शिकून बाहेर पडणाऱ्याला काय काय करता आलं पाहिजे त्याची यादी. वर आडवे पेपर. जी गोष्ट ज्या पेपरात शिकवली जाते, त्या चौकोनात बरोबरची खूण. मान्यता देणारी परिषद दर पाच वर्षांनी हा तक्ता मागते आणि दर पाच वर्षांनी जुन्यावरची तारीख बदलून तो पाठवला जातो. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. टाचणीबाईंनाही.

"प्रत्येक खुणेमागे तीन गोष्टी शोधून आणा," त्या म्हणाल्या. "वार, खोली आणि साक्षीदार. कुठल्या दिवशी शिकवलं, कुठल्या खोलीत, आणि विद्यार्थ्यानं ते स्वतः करताना कोणी पाहिलं. गुरुवारपर्यंत."

इतिहासवाले म्हणाले की आमचे साक्षीदार तीनशे वर्षांपूर्वीच वारले. हशा झाला. बाईंनी हसणं संपू दिलं आणि मग सांगितलं की पेपर शिकवायला माणसं आहेत, त्यासाठी संचालक लागत नाही. संचालकाची जागा दोन पेपरांच्या मध्ये असते. तिथे काय पडलंय ते दुसरं कोणी वाकून बघत नाही.

ती आपल्या तक्त्याकडे पाहत होती. चौदा ओळी, अकरा रकाने. वाचायची गरजच नव्हती. बारा वर्षांपूर्वी तो तिनंच भरला होता. नोकरीचं दुसरं वर्ष. मोठ्या सरांनी 'तुला कॉम्प्युटरचं जमतं' म्हणून तो तिच्याकडे सोपवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परिषदेकडे जायचा होता. तिनं शिक्षकांच्या खोलीत बसून दीड तासात संपवला. कोण काय शिकवतं हे विचारायला ती कोणाकडे गेली नाही. नावांवरून जे वाटलं ते भरत गेली. सर एवढंच म्हणाले होते, 'एकही ओळ मोकळी दिसता कामा नये.'

सातवी ओळ होती: दोन वर्षांखालच्या बाळाची श्रवणचाचणी स्वतंत्रपणे करता येणे. तिच्यापुढे दोन खुणा होत्या. एक चौथ्या पेपरखाली, एक क्लिनिकच्या रकान्यात.

दुपारी चहाच्या सुटीत ती आपल्या विभागाचे जिने चढून चौथ्या पेपरच्या शिक्षकाकडे गेली. भला माणूस, वक्तशीर. तो म्हणाला, बाळांच्या चाचणीचा सिद्धांत तो दोन तास शिकवतो, आकृत्या काढून देतो. प्रत्यक्ष हातानं? ते क्लिनिकमध्ये करून घेतातच की. आणि त्यानं भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याकडे बोट केलं. क्लिनिकच्या रकान्यात खूण होती ना.

पाच वाजता तिनं क्लिनिकच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या घाईत होत्या. हातानं करायचा सराव वर्गात झालेला असतो, त्या म्हणाल्या, आम्ही फक्त बघायला देतो. बाळं म्हणजे काही शिकायची पाटी नाही. सराव वर्गात होतो हे कशावरून, तिनं विचारलं. अहो, तुमच्याच तक्त्यात चौथ्या पेपरखाली खूण आहे.

फोन ठेवल्यावर ती कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, आणि परत. तिनं केलेल्या एका खुणेवर हा निवांत, दुसऱ्या खुणेवर त्या. बारा वर्षं.

मंगळवारी तिनं बाकीच्या तेरा ओळी तपासल्या. तिथे वार होते, खोल्या होत्या, साक्षीदार होते. सातवीच तेवढी पोकळ निघाली. इतिहासवाल्यांना जेवणाच्या सुटीत तिनं सांगितलं, कारण कोणाला तरी सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "तू राणी, मी राणी, मग पाणी कोण आणी. सगळीकडे असंच असतं, मॅडम. माझ्याकडे दोन ओळी अशा सापडल्यात. मी त्यांच्याकडे बघून हसलो आणि पुढे गेलो." मग म्हणाले, कार्यभाराच्या फॉर्मवर 'अपूर्ण बाबी' असा रकाना आहे, तिथे आजवर प्रत्येकानं 'निरंक' लिहिलंय. तुम्ही वेगळं लिहिलंत तर त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

फॉर्मचे नियम आता तिला पाठ झाले होते. 'निरंक' लिहून दोन सह्या झाल्या की शेवटच्या वर्षाच्या अडतीस जणांची यादी शनिवारी परीक्षा विभागात जाणार आणि आठवड्यात प्रमाणपत्रं निघणार. रकान्यात काही लिहिलं तर ते पुरं होईपर्यंत यादी तिथेच थांबणार, परिषदेला कळवावं लागणार, आणि मोठ्या सरांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतला शेवटचा कागद हाच असणार.

घरी तिची आत्या होती. सत्तरीची, तयार कपड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. आईवडील गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. आत्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून वाटाणे सोलत होती. तिनं भाचीला घरात तीन फेऱ्या मारू दिल्या, चौथ्या फेरीला म्हणाली की फरशी झिजेल, बस, आणि सोल. ती बसली. सोलता सोलता तिनं सगळं सांगितलं; तक्ता कोणी भरला एवढं सोडून.

आत्याला हे नवीन नव्हतं. कारखान्यात बाह्या एका टेबलावर शिवल्या जात, धड दुसऱ्या टेबलावर. दोन्हीकडच्या बायका हुशार. आणि कपडा उसवायचा कुठे, तर काखेत, कारण काख कोणाच्याच टेबलावर नव्हती. म्हणून मालकानं आत्याला तिथे बसवलं. दिवसाला आठशे काखा ती उलट्या करून बघायची. "बघायला आलेल्या मुलांनी विचारलं, काय करता, की मी हेच सांगायचे," आत्या म्हणाली. "परत कोणी आलं नाही."

"आणि उसवलेली सापडली तर?"

"गठ्ठा परत. एक नाही, सगळा गठ्ठा."

"ज्या बाईनं शिवला असेल ती?"

"ती महिनाभर आपल्या डब्यातलं द्यायची नाही." आत्यानं एक शेंग मोडली. "हे कोणी शिवलं होतं गं?"

"मी."

आत्याचे हात थांबले नाहीत. वाटाणे भांड्यात पडत राहिले. मग ती म्हणाली की आपलाच गठ्ठा परत करणारी बाई तिनं तीस वर्षांत एकच पाहिली, आणि ती काही फार सुखी नव्हती. पण तिच्या टेबलावरचे कपडे आत्या उलटून बघत नसे.

बुधवारी टाचणीबाईंची परवानगी घेऊन ती क्लिनिकमध्ये गेली. विद्यापीठाच्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर तो विभाग होता. आत आवाज शिरू नये म्हणून जाड भिंती घातलेली एक छोटी खोली, एका बाजूला काच. काचेच्या आत आईच्या मांडीवर दहा महिन्यांचं बाळ. उजवीकडे आणि डावीकडे एकेक स्पीकर, प्रत्येकाच्या वर काळ्या पेटीत एक खेळणं. आवाज आला आणि बाळानं त्या बाजूला मान वळवली तर पेटीत दिवा लागतो, खेळणं नाचतं. बाळ दोनचार वेळांत हा व्यवहार शिकतं. मग आवाज कमी कमी करत न्यायचा आणि मान कुठपर्यंत वळते ते बघायचं.

ऐकायला सोपं आहे. अवघड हे की बाळ उगीचही वळतं. आई जरा हलली तर वळतं. तपासणाऱ्याची नजर नकळत स्पीकरकडे गेली तर त्या नजरेमागे वळतं, आणि तपासणारा खूश होऊन लिहितो: ऐकू येतं. हे वळणं कुठलं आणि ते वळणं कुठलं, हे कळायला चाचणी स्वतःच्या हातानं करावी लागते, चुकावं लागतं, आणि चूक दाखवणारं कोणी तरी मागे उभं असावं लागतं.

काचेच्या बाहेर तिचे पाच विद्यार्थी उभे होते. वह्या उघड्या. आत काम क्लिनिकच्या अनुभवी तंत्रज्ञ बाई करत होत्या. पाचही जण मन लावून लिहीत होते, आणि तिच्या लक्षात आलं की लिहिताना त्यांच्या माना खाली असतात. बाळ वळतं तो क्षण पाचांपैकी तिघांनी पाहिलाच नव्हता. खेळणं नाचायला लागलं की ते वर बघत आणि टिपून घेत: प्रतिसाद आला.

बाळ गेल्यावर तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं की यातल्या एकेकाला आत बसवता येईल का. त्या कडवट हसल्या. खोली एक, रांग दोन महिन्यांची. उद्याच्या यादीतून त्या कोणत्या आईला सांगणार होत्या की तुमचं बाळ आज शिकाऊ हातात देतो? पण जायला निघालेल्या तिला त्यांनी दारात थांबवलं. चाचणीचा एक हातात धरायचा संच आहे, त्या म्हणाल्या, कपाटात पडून. जाड भिंतींची खोली लागत नाही, शांत खोली पुरते. बाळं मात्र तुमची तुम्ही आणा.

गुरुवारी सकाळी ती विभागात लवकर पोचली. जिन्यात वर्गप्रतिनिधी मुलगी तिची वाट बघत होती. मुलीच्या हातात नेमणुकीचं पत्र होतं. इथून आठ तासांवरच्या एका गावातल्या रुग्णालयात, एक तारखेला रुजू व्हायचं. त्या रुग्णालयात कान तपासायला आजवर कोणी नव्हतं, ही पहिलीच. घरी आईनं शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं. मुलीला एवढंच विचारायचं होतं की प्रमाणपत्र वेळेत मिळेल ना.

तिनं विचारलं, "तिथे बाळं पण येतील?"

"बाळंच जास्त, मॅडम. प्रसूतीचा वॉर्ड मोठा आहे तिथे."

"तू एकटीनं किती बाळं तपासलीस आतापर्यंत?"

"पाहिलीत ना, मॅडम. चार." मुलगी आनंदात होती. "आणि पेपरात मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी पडलेत."

मुलीला काय सांगितलं ते तिला नंतर नीट आठवलं नाही. बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी कळवते, असं काही. मुलगी दोन दोन पायऱ्या उतरत गेली.

मोठ्या सरांच्या खोलीत खोकी पसरली होती. सर उभ्यानं जुन्या वह्या चाळत होते, फाडायच्या इकडे, न्यायच्या तिकडे. तिला बघून ते मनापासून खूश झाले. त्यांनी एक खोकं खुर्चीवरून खाली ठेवलं आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिनं तक्ता टेबलावर ठेवला आणि सातव्या ओळीवर बोट.

सरांनी चष्मा लावला नाही. त्यांना लागला नाही.

त्यांना ते सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. तेव्हा ते स्वतः क्लिनिककडे गेले होते, भांडले होते. आठवड्याला एक तास मिळाला, तोही तीन आठवड्यांत काढून घेतला. मग ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी परिषदेची पाहणी होती, त्याच्या पुढच्या वर्षी दोन शिक्षक सोडून गेले. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. हे सगळं त्यांनी खोक्याला दोरी बांधत सांगितलं. आवाजात सबब नव्हती, तसा पश्चात्तापही फारसा नव्हता. हवामान सांगावं तसं.

"आत ये आणि दुरुस्त कर," ते म्हणाले. "सोमवारी सगळे अधिकार तुझ्या हातात आहेत. दारात उभं राहून बोंब मारलीस तर आत यायच्या आधीच सगळे तुझ्याविरुद्ध."

"सोमवारी मी करीनच, सर. पण हे अडतीस जण तोवर गेलेले असतील."

"आणि आधीचे गेलेत त्यांचं काय? ते सगळे काय बहिऱ्या बाळांना ऐकू येतं म्हणून लिहून देतायत? शिकतात गं. कामावर शिकतात."

"कोणावर शिकतात, सर?"

सरांनी दोरीची गाठ आवळली. बराच वेळ ती नीट बसेना. मग ते म्हणाले की तिचं नाव त्यांनी पुढे केलं तेव्हा समितीत एक जण म्हणाला होता, या बाई फार अस्वस्थ असतात, पद झेपेल का. सरांनी त्याला सांगितलं होतं, अस्वस्थ माणूस बरा, निदान जागा असतो. "हे मी तुझ्या बाजूनं बोललो होतो," ते म्हणाले. "आता वाटतंय, जरा कमी बोलायला हवं होतं."

तो विनोद होता. दोघंही हसले नाहीत.

शुक्रवारी तीन वाजता बैठकीच्या खोलीत आठ टेबलं समोरासमोर लावली होती. चार वाजता, समोरच्या सभागृहात मोठ्या सरांचा निरोप समारंभ होता. त्यामुळे सर इस्त्रीचा कोट घालून आले होते, छातीवर कोणी तरी फूल खोवलं होतं. टाचणीबाई टेबलांमधून फिरत होत्या. इतिहासवाल्यांनी दहा मिनिटांत काम आटपलं आणि चहाच्या किटलीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून ते तिच्याकडे बघत होते.

तिनं फॉर्म ओढला. 'अपूर्ण बाबी' असा रकाना चार ओळींचा होता, कारण फॉर्म करणाऱ्याला कधी काळी वाटलं असावं की कोणी तरी चार ओळी लिहील. तिनं लिहिलं: निष्पत्ती सात कोठेही शिकवली जात नाही. तक्त्यातल्या दोन्ही खुणा बारा वर्षांपूर्वी मी चौकशी न करता केल्या. चालू तुकडीतले अडतीस विद्यार्थी प्रत्येकी तीन बाळांची चाचणी देखरेखीखाली करेपर्यंत प्रमाणपत्रासाठी पात्र समजू नयेत. खाली नाव आणि सही.

सरांविषयी तिनं काही लिहिलं नाही. सहा वर्षांपूर्वी कोणाला काय कळलं होतं, तेही नाही. ते लिहायला ओळ उरली होती. ती तशीच ठेवून तिनं फॉर्म फिरवून त्यांच्याकडे सरकवला.

सरांनी या वेळी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. टाचणीबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांनीही वाचलं असणार, कारण त्या पुढे गेल्या नाहीत. जुन्या संचालकाची सही नसेल तर कार्यभार झाला असं होत नाही, हे त्यांनीच सोमवारी सांगितलं होतं. सरांनी सही नाकारली असती तर ती सोमवारी कोणीच नसती, आणि मग अडतीस जणांच्या यादीचं काय करायचं हे वर बसलेल्यांनी ठरवलं असतं. वर बसलेल्यांना यादी पाठवायचीच घाई होती.

"निरंक लिहिलं असतंस, तर आजचा चहा गोड लागला असता मला," सर हळू आवाजात म्हणाले.

टेबलाखाली तिचा पाय हलत होता. तिनं तो दुसऱ्या पायानं दाबून धरला.

"अडतीस त्रिक?"

"एकशे चौदा, सर."

"एकशे चौदा बाळं. कुठून आणणार आहेस?"

"माहीत नाही अजून."

"लसीकरणाला येतात," सर म्हणाले. "तिथे रांगेत तास तास बसतात आया. मला हे सहा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं." आणि त्यांनी सही केली. तारीख घातली. मग पेन खिशात ठेवलं, फूल सरळ केलं आणि तिच्याकडे न बघता उठून सभागृहाकडे गेले. त्यांनी तिला सोबत चल म्हटलं नाही. चौदा वर्षांत एखाद्या कार्यक्रमाला ते एकटे गेल्याचं तिनं पाहिलं नव्हतं.

टाचणीबाईंनी फॉर्म उचलला. त्याला चिठ्ठी लावली नाही. यादी थांबवल्याचं परीक्षा विभागाला आजच कळवते, म्हणाल्या, आणि परिषदेचं पत्र सोमवारी तुम्ही लिहा, संचालक तुम्ही आहात. इतिहासवाले किटलीपासून आले. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा फॉर्म होता. त्यांनी तो टाचणीबाईंना दाखवला, परत घेतला, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

समारंभात तिला बोलायचं होतं. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव तिसरं होतं. ती सभागृहाच्या दारापर्यंत गेली. आत पहिलं भाषण चालू होतं, सर पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मागच्या रांगेतून वर्गप्रतिनिधी मुलीनं तिला पाहिलं आणि भुवया उंचावून विचारलं: झालं? तिनं मान हलवली. नाही. मुलीचा चेहरा बदलताना तिनं पूर्ण पाहिला, नजर काढून घेतली नाही. मग मुलगी उठून बाहेर आली, आणि तिथेच, दाराबाहेरच्या पायरीवर, तिनं मुलीला सगळं सांगितलं: काय लिहिलं, का लिहिलं, तक्ता कोणी भरला होता. मुलगी रडली नाही. तिनं विचारलं की चूक तुमची, मग थांबायचं आम्ही का. ती म्हणाली, बरोबर आहे तुझं. एक तारखेच्या आत तुझी तीन बाळं व्हावीत म्हणून मी आत्ता जाते आहे. तू येतेस?

मुलगी आली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

रुग्णालयाचा लसीकरण विभाग पटांगणाच्या पलीकडे होता. दुपारची रांग संपली होती. तिथल्या मुख्य परिचारिका थंडपेट्या पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो आया रागावल्या तर कोण बोलणार. ती म्हणाली, मी. मंगळवार आणि शुक्रवार, नऊ ते अकरा, परिचारिका म्हणाल्या, सुई टोचायच्या आधी, कारण नंतरचं बाळ कशालाच वळत नाही, नुसतं रडतं. मागे एक सामानाची खोली आहे. रिकामी करून देता येईल.

खोलीत फायली होत्या, मोडका पाळणा होता, एक खिडकी होती. तिनं खिडकी लावली, दार लावलं, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि मधोमध उभी राहिली. खोली किती शांत आहे ते ऐकायचं तर आधी आपण हलायचं थांबवावं लागतं. तिला थोडा वेळ लागला.

मग पटांगणापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. लांबलेल्या, न थांबणाऱ्या. सरांचं नाव पुकारलं गेलं असणार. बंद खिडकीतून त्या इतक्या स्पष्ट येत होत्या की उजव्या बाजूनं येतायत हेही कळत होतं.

टाळ्या संपेपर्यंत ती उभी राहिली. मग दार उघडून बाहेर आली.

"ही खोली चालणार नाही," ती परिचारिकांना म्हणाली. "आतल्या बाजूला दुसरी एखादी आहे?"